बँकेचे संचालक मंडळ : व्यवसाय आणि विश्वास

बँक म्हटली की रोखपालाची खिडकी, पासबुक आणि व्यवस्थापकाची केबिन आपल्या नजरेसमोर येते. परंतु कर्ज कोणाला द्यावे, ठेवी कोठे गुंतवाव्यात, याचे धोरण ठरविणारे संचालक मंडळ आपल्या दृष्टीआड असते. हे संचालक मूळचे कोण, त्यांचा व्यवसाय कोणता आणि त्याचा ठेवीदाराच्या पैशाशी काय संबंध, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

महाराष्ट्रातील जुन्या बँका पाहिल्या तर निरनिराळ्या पेशांची माणसे त्यांच्या मुळाशी दिसतात. आजच्या महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची मूळ बँक १९११ साली मुंबईत निघाली, ती सर विठ्ठलदास ठाकरसी हे गिरणीमालक व लल्लूभाई सामळदास हे उद्योजक यांच्या पुढाकाराने. १९३५ साली पुण्यात स्थापन झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या संस्थापकांत प्रा. वा. गो. काळे हे फर्ग्युसन महाविद्यालयातील अर्थशास्त्राचे अध्यापक होते. भांडवल आणि विद्या शहराची. खेड्याशी संबंध आला तो मुख्यतः कर्जदार म्हणून.

पुढे मोठ्या व्यापारी बँकांच्या मंडळांवर उद्योगपतींचे वर्चस्व वाढले. ठेवी सर्वांच्या आणि कर्जे मात्र मोजक्या घराण्यांना, अशी टीका होऊ लागली. तेव्हा १९६८ साली बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १०-अ आले. किमान ५१ टक्के संचालकांना लेखाशास्त्र, शेती व ग्रामीण अर्थव्यवस्था, बँकिंग, सहकार, अर्थशास्त्र, वित्त, कायदा, लघुउद्योग अशा विषयांचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असावा, आणि त्यांतील किमान दोघे शेती, सहकार किंवा लघुउद्योग जाणणारे असावेत, असे या कलमाने ठरविले. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांच्यासाठी १९७० साली केलेल्या योजनेत कर्मचारी, ठेवीदार, शेतकरी, कामगार व कारागीर यांच्या प्रतिनिधींनाही मंडळावर जागा देण्यात आल्या.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची गोष्ट निराळी आहे. तेथे संचालक प्रामुख्याने निवडणुकीतून येतो. गावच्या सेवा सहकारी संस्थेचा सभासद, मग संस्थेचा प्रतिनिधी, मग तालुक्याच्या जागेवरून जिल्ह्याचा संचालक, असा हा जिना आहे. या वाटेने येणारा माणूस बहुधा शेतकरी असतो आणि बरेचदा राजकीय कार्यकर्ताही. कलम १०-अ या बँकांना लागू झाले ते २०२० च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२१ पासून. परंतु 'शेती' आणि 'सहकार' हे दोन्ही विषय यादीत असल्याने बहुतेक संचालक शेतकरी असले तरी कायद्याची अट पुरी होऊ शकते.

हे गैर आहे काय? मला तसे वाटत नाही. आमच्या तळेगाव (श्यामजी पंत) परिसरातील कापूस हंगामात पैसा देतो, तर संत्र्याची बाग फळावर यायला पाच-सहा वर्षे घेते. दोन्ही कर्जांना एकच मुदत लावता येत नाही. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. ते शेतात राबलेल्या संचालकाकडेच असते. बुडवणारा कर्जदार आणि बुडालेला कर्जदार यांतील फरक त्यालाच कळतो.

तथापि बँक म्हणजे केवळ पीककर्ज नव्हे. ठेवींचा काही भाग सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. २००२ साली नागपूर जिल्हा बँकेचे रोखे खरेदीचे प्रकरण उघडकीस आले. सुमारे १५० कोटी रुपये दलाल कंपन्यांकडे गेले, पण रोखे बँकेच्या हाती आले नाहीत. या प्रकरणी डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरविले. आधी रोखे, मग पैसे, हा साधा नियम पाळला जातो की नाही, हे मंडळात नेटाने विचारणारा माणूस लागतो. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातील २३ विनापरवाना जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, बुलढाणा आणि आपली वर्धा अशा तीन बँका होत्या. परवान्यासाठी जोखीमभारित मालमत्तेच्या किमान ४ टक्के भांडवल हवे होते. हा आकडा घसरू लागला की धोक्याची घंटा वाजते. ती ऐकू येण्यासाठी ताळेबंद वाचता आला पाहिजे.

मग सर्व जागा तज्ज्ञांना द्याव्यात काय? तेही पुरेसे नाही. २०१९ साली मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. तिच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेल्याचे उघड झाले, आणि बँकेचे अध्यक्ष पूर्वी त्याच समूहाच्या कंपनीत संचालक होते. म्हणजे व्यवसायाचे ज्ञान हा गुण असला, तरी त्या व्यवसायातील हितसंबंध हा दोष ठरतो. दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात, म्हणून मंडळात निरनिराळ्या पेशांची माणसे हवीत. एकाने दुसऱ्यास प्रश्न विचारावा यासाठी.

आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात नेहमीच्या संचालकांशिवाय दोन तज्ज्ञ संचालक घेण्याची सोय आहे. मात्र तज्ज्ञ संचालकाला पदाधिकाऱ्यांच्या निवडीत मत नसते आणि स्वतः पदाधिकारीही होता येत नाही. ज्याच्या मताची कोणाला गरज नाही, त्याच्या सल्ल्याची तरी किती पडणार? या जागी केवळ सोयीचा माणूस बसविला, तर कायद्याचा हेतूच विफल होतो.

माझी सूचना अगदी साधी आहे. वार्षिक अहवालात सहसा संचालकांची नावे, गावे आणि छायाचित्रे असतात. त्यांसमोर प्रत्येकाचा व्यवसाय, शिक्षण, बँकिंगचा अनुभव आणि स्वतःच्या व नातेवाइकांच्या नावावरील कर्ज हे चार रकाने छापावेत. आपल्यापैकी अनेकांचे वडील सेवा संस्थेचे सभासद आहेत. अहवाल घरी आला की तो आपण वाचावा, त्यांना समजावून सांगावा आणि वार्षिक सभेत हे चार रकाने मागावेत. अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या गावासाठी एवढे तरी करावे.