कोणतं कुटुंब शिकवणार, ते आधी विचारा

नगरच्या आमच्या मंडळीतलं कुणी ना कुणी दरवर्षी मुलीला घेऊन माझ्याकडे येतं. अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठात समाजशास्त्र आणि कुटुंब-अभ्यास शिकायचं तिच्या मनात असतं. ‘ख्रिस्ती’ म्हटल्यावर आईवडिलांना धीर आलेला असतो. लेकरू आपल्याच माणसांत राहील, असं त्यांना वाटतं. हीच पदवी मी टेक्सासमधल्या अशा एका विद्यापीठातून घेतली. जाऊ नको, असं मी कुणाला म्हणत नाही. पण मला तिथे गेल्यावर जे कळलं, ते तुम्हाला पैसे भरण्याआधी कळायला हवं.

अशी सगळी विद्यापीठं सारखी नसतात. डॅलसच्या सदर्न मेथडिस्टचं नातं मेथडिस्ट चर्चशी आहे, पण तिथे सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. वेकोचं बेलर बाप्टिस्ट आहे, आणि तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांना चॅपलची सत्रं पूर्ण करावी लागतात. इलिनॉयच्या व्हीटन कॉलेजात तर विद्यार्थ्यांनाही श्रद्धा आणि आचरणाचा करार मान्य करावा लागतो. शिक्षणातल्या लिंगभेदाला मनाई करणारा १९७२चा टायटल नाइन कायदा आहे, पण तो जिथे श्रद्धेच्या आड येतो तिथे धार्मिक संस्थांना त्यातून सूट आहे. म्हणून आचारसंहिता मुलीबरोबर बसून, ओळ न् ओळ वाचा. मला स्वतःला चॅपलचा त्रास झाला नाही. नारायण वामन टिळकांची भजनं ऐकत वाढलेल्या कानांना गिटारवरची गाणी परकी वाटली, एवढंच.

खरी अडचण वर्गात आली. प्रत्येकाने आपल्या घराच्या तीन पिढ्यांचा जीनोग्राम काढायचा होता. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ. जिव्हाळ्याच्या आणि भांडणाच्या रेघा निराळ्या. माझी आजी सख्ख्या आत्याच्या घरी सून म्हणून गेली होती, म्हणून तिच्या आणि आजोबांच्या मध्ये रक्ताच्या नात्यातल्या लग्नाची दुहेरी रेघ आली. टेक्सासात अशा लग्नाला २००५पासून बंदी आहे. वडिलांचा पगार आजोबांच्या हाती जायचा, मला शाळेत घालायचं ते काकूने ठरवलं, आणि पणजोबांचे जे भाऊ हिंदूच राहिले त्यांची मुलं-नातवंडं आमच्या प्रत्येक लग्नात वाढायला असायची. हे सगळं मी मनापासून काढलं. कागद परत आला तो शेऱ्यासह: या घरात माणसामाणसांतल्या सीमा पुसट आहेत, माणसं एकमेकांत नको इतकी गुंतलेली आहेत.

ही भाषा साल्वादोर मिनुचिन या कुटुंबोपचारतज्ज्ञाची. त्याचं १९७४चं पुस्तक मोलाचं आहे, पण त्याची मोजपट्टी आमच्या वाड्याला लावावी की नाही, हा प्रश्न वर्गात कुणी काढला नाही. पाठ्यपुस्तकातलं ‘ख्रिस्ती कुटुंब’ म्हणजे नवरा, बायको, मुलं आणि स्वतंत्र घर. चार पिढ्या प्रभूचं नाव घेणाऱ्या आमच्या घराला त्यात जागा नव्हती. ते मला फार लागलं.

तोवर मी इरावती कर्वे वाचल्या नव्हत्या. त्यांचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं इंग्रजी पुस्तक १९५३मध्ये निघालं. उत्तरेची आणि दक्षिणेची रीत महाराष्ट्रात कशी एकमेकींना भेटते, हे त्यात आहे. माझ्या आजीचं लग्न मला तिथे कळलं. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार काही वर्षं दुभंगला. धर्मांतराने घर कसं तुटतं आणि पुन्हा कसं जुळतं, ते समजायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’सारखं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. आणि खुद्द अमेरिकेत रूथ चाओ यांनी १९९४मध्ये दाखवून दिलं होतं की डायना बाउमरिंड यांच्या वर्गवारीत जे पालक ‘हुकूमशाही’ ठरतात, त्या चिनी आईबापांच्या कडकपणात मायेचा आणि शिकवणुकीचा वेगळाच अर्थ असतो. ही तीन नावं घेऊन मी समाजशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं नाही. कर्व्यांवर निबंध लिहायला दिला, स्वतःही वाचलं, माझ्याशी तासन् तास वाद घातला. धर्म मानणारा माणूस वेबर आणि दुर्खाइम किती गंभीरपणे शिकवू शकतो, ते मी त्यांच्याकडे पाहिलं.

सगळेच तसे नव्हते. मंडळीतल्या घटस्फोटित बायकांना कसं वागवलं जातं, हा विषय मी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मागितला, तेव्हा त्याऐवजी विवाह दृढ करणाऱ्या शिबिरांवर लिही, असं मला सुचवण्यात आलं. म्हणून प्रवेशाआधी विभागाला पत्र लिहून दोन गोष्टी मागवा: वाचनाची यादी, आणि मागच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे विषय. माहितीपत्रकातल्या फोटोंपेक्षा त्यातून जास्त कळतं.

आता पोटापाण्याचं. कुटुंब-अभ्यासाची पदवी घेतली म्हणजे समुपदेशक झालो, अशी समजूत आपल्याकडे सर्रास आहे. विवाह व कुटुंबोपचाराचा परवाना अमेरिकेत प्रत्येक राज्य देतं. त्याला त्या विषयातली मास्टर्स लागते, मग देखरेखीखालचं काम आणि परीक्षा; टेक्सासात ते काम ३,००० तासांचं असतं. पदवीवर मिळू शकतं ते नॅशनल कौन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्सचं कुटुंबजीवन-शिक्षकाचं प्रमाणपत्र. पालकांचे वर्ग, विवाहपूर्व मार्गदर्शन अशा कामांना ते चालतं, उपचारांना नाही. अभ्यासक्रमाला या संस्थेची मान्यता आहे का, ते जरूर विचारा.

व्हिसाचंही तसंच. एफ-१वर शिकलेल्यांना पदवीनंतर कामासाठी १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना आणखी २४ मिळतात, समाजशास्त्राला नाहीत. त्या बारा महिन्यांतही ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही, आणि काम विषयाशी निगडितच लागतं. कर्ज काढून जाणाऱ्यांनी परतफेडीचं गणित या मुदतीवर मांडावं. ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणी मी रडताना पाहिल्या आहेत.

परत येऊन कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक व्हायचं असेल, तर तिथे सहसा समाजकार्यातली मास्टर्स आणि अनुभव मागतात. मग पदवी कुठलीही असो, पुढे मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था किंवा पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था हे टप्पे आहेतच. तेवढा खर्च आणि तेवढी वर्षं आधीच हिशेबात धरा.