नीट हुकली म्हणून फार्मसी नको

नीटचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: "सर, एमबीबीएसइतके मार्क नाहीत. डी.फार्म. करून मेडिकल टाकून दिलं तर?" पाठोपाठ आवाज उतरतो: "नाहीच चाललं, तर सर्टिफिकेट भाड्याने देता येतं म्हणे."

ते देऊ नका. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. भाड्याच्या सर्टिफिकेटवर चालणाऱ्या दुकानात चूक झाली, तर जाब तुमच्याच मुलीला विचारला जाईल.

आणि चूक व्हायला वेळ लागत नाही. पॅरासिटामॉलच्या लहान बाळांसाठीच्या थेंबांत सहसा १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीला १२५. सिरप समजून थेंबांच्या बाटलीतलं ५ मिली पाजलं, तर डोस चौपट. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. हे आजीला समजेल असं सांगणं, 'शेड्यूल एच१'मधल्या अँटिबायोटिक्सची आणि टीबीच्या औषधांची वेगळी नोंद ठेवणं, चिठ्ठीशिवाय ती मागणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं हे फार्मासिस्टचं काम आहे. ते नीट झालं नाही, तर औषधांना दाद न देणारे जंतू साऱ्या गावाला छळतात.

वाटा थोडक्यात. डी.फार्म. दोन वर्षांचं, वर ५०० तासांचं प्रशिक्षण. बी.फार्म. चार वर्षांचं, बारावीला जीवशास्त्र नसून गणित असलं तरी चालतं. तिथून औषध कंपन्या, क्वालिटी कंट्रोल, एम.फार्म.

ज्याबद्दल कुणी विचारतच नाही तो कोर्स फार्म.डी. २००८ पासून आपल्याकडे आहे. सहा वर्षांचा, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. हे विद्यार्थी वॉर्डात फिरतात, किडनी अधू असलेल्या रुग्णाचा डोस तपासतात, दोन औषधं एकमेकांशी भांडतात का ते पाहतात. औषधाचा दुष्परिणाम दिसला तर २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाला कळवतात. त्यांचं ऐकून घेणारी हॉस्पिटलं अजून थोडी आहेत, सुरुवातीचा पगारही बेताचा. नावाआधी 'डॉ.' लागेल एवढ्यासाठी जात असाल तर जाऊच नका. या पदवीवर दवाखाना थाटता येत नाही. प्रवेशाआधी कॉलेजची इमारत बघत बसू नका. फार्मसी कौन्सिलची मान्यता तपासा आणि जोडलेलं हॉस्पिटल बघून या. नियमाने ते किमान ३०० खाटांचं लागतं.

पालकांनो, 'मेडिकल टाकून देतो' हा तुमचा गुंतवणुकीचा बेत झाला. काउंटरमागे रोज उभं राहायचंय ते मुलाला. दिवसभर माणसांशी बोलणं, बारीक अक्षरातलं लेबल दोनदा वाचणं आणि गरज पडली तर डॉक्टरांनाच फोन करून शंका विचारणं त्याला आवडेल का, हे त्यालाच विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर फॉर्म भरू नका.