पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी

आजोबांच्या दोन शिसवी वस्तूंपैकी कपाट थोरल्या काकांकडे गेलं, लिहायचं मेज माझ्याकडे आलं. काकांनी हौसेनं कपाट ‘नवंकोरं’ करून घेतलं. कारागिरानं मशीननं जुना थर खरवडला आणि वर मेलामाइन मारलं. आता ते हॉटेलच्या लॉबीत शोभेल असं चकाकतं. दारावरच्या वेलबुट्टीच्या कडा मात्र बोथट झाल्या, आणि दाराच्या आत आजीनं पेन्सिलीनं मांडलेला दुधाचा हिशेबही साफ झाला. विषय निघाला की काकू गप्प होतात.

ते पाहून मी मेजाच्या बाबतीत सावध झालो. तुमच्याकडे असं काही आलं, तर आधी वस्तू उलटीपालटी करून बघा. खण बाहेर काढा, मागच्या फळीवर, पायांच्या तळाशी टॉर्च मारा. बारीक छिद्रांखाली पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल, तर आत कीड जिवंत आहे आणि तिथं चालढकल नको. नुसतीच काळवंडलेली जुनी छिद्रं असली, तर घाबरायचं कारण नाही. सांधे खिळखिळे झाले असतील तर ते सोडवून सरसानं पुन्हा बसवून घ्या. खिळा ठोकू देऊ नका, लाकूड फाटतं.

पॉलिशचा प्रश्न वेगळा. जुन्या फर्निचरवर बहुधा लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश असतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावा. थर चिकट होऊन बोळा तपकिरी झाला, तर ते लाखेचंच. मग खरवडायची गरज सहसा पडत नाही, कारण लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. गरम कपाचं पांढरं वर्तुळही बहुतेकदा पॉलिशमध्येच असतं. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. तो मी तसाच ठेवला. शाईचा आहे, मेजावर शोभतो. (स्वयंपाकघरातल्या स्टुलासाठी एवढं सोवळं पाळायला नको. खुशाल रंगवा.)

आणि खर्च करण्याआधी वस्तू कुणाच्या घरात राहणार, हे ठरवा. धाकट्या भावाला मेज टोरांटोला न्यायचं होतं. पण 100 वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरली, तर 1972च्या कायद्यानुसार खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यात शिसव 2017पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत, म्हणजे परवान्यांची आणखी भानगड. भावाचा बेत बारगळला आणि दुरुस्तीतली त्याची अर्धी वर्गणीही.