आधी पंखे बदल, एसीचं मग बघू

मनू, बिलाचा फोटो आणि खाली रडका चेहरा पाठवून मोकळी झालीस! अगं, नुसता एकूण आकडा बघून काय कळणार? स्लॅब बघ. पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 पासून 300 पर्यंत बरीच महाग, त्यापुढे विचारूच नको. म्हणजे तू वाचवशील ते युनिट सगळ्यात वरचं, महागातलं. शिवाय त्यावरचा वहन आकार आणि वीज शुल्कही वाचतं. स्थिर आकार तेवढा चुकत नाही, घर बंद ठेवलंस तरी येतोच.

आता तू म्हणशील, नवा एसी घेते. थांब जरा. तुझ्याकडे दोन जुने पंखे दिवसरात्र चालतात. तसला पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा 30च्या आसपास. रोज चौदा तास धरलेस तर एका पंख्यामागे महिन्याला 19 युनिटं वाचतात, दोघांची 38. आणि हे बारा महिने. एसी तू लावणार उन्हाळ्यात, तोही रात्रीपुरता.

मुंबईत टाटा आणि अदानी, दोन्ही वीज कंपन्यांनी जुनी उपकरणं घेऊन कमी वीज खाणारी सवलतीत देण्याच्या योजना चालवल्या आहेत. वेबसाइटवर बघ, नाहीतर बिलावरच्या नंबरला फोन करून सध्या काय चालू आहे ते विचार. मागायला लाजू नकोस. राज्याच्या वीज आयोगाने 2010 मध्येच अशा कार्यक्रमांचे नियम केले, आणि त्यांचा खर्च आपल्या सगळ्यांच्या वीजदरातूनच वसूल होतो. पैसे तुझेही गेलेत, मग फायदा शेजारणीनेच का घ्यावा? फक्त चौकशी होईपर्यंत जुना पंखा भंगारवाल्याला देऊ नकोस, बदल्यात तोच द्यावा लागतो. आणि घरात येणारा नवा पंखा भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नाही हं, इलेक्ट्रिशियनकडून तो काढून घे. वेग रिमोटवर.

स्टारचं लेबल वाचताना वर्षही वाच. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे दुकानातला जुना पाच स्टार नव्या हिशेबात खाली घसरलेला असतो. दुकानदार हे आपणहून सांगेल असं मला तरी वाटत नाही. एसी घेतलासच तर 24वर ठेव. 18वर लावून वर गोधडी घेणाऱ्यांना मी काय म्हणते ते तुला ठाऊक आहेच.

एक अडचण आहे. अशा योजना ग्राहक क्रमांकाला जोडलेल्या असतात आणि तुझं बिल घरमालकीणबाईंच्या नावावर येतं. जुने पंखेही त्यांचेच. तेव्हा आधी त्यांच्याशी बोल, नवे पंखे घर सोडताना कोणाचे हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. त्या कुरकुरल्या तर मला सांग, रविवारी येते आणि मीच बोलते.