बंबातली करवंटी, स्लॅबमधली करवंटी

ज्यांच्या घरी बंब आहे त्यांना सांगायला नको. चार करवंट्या टाकल्या की पाणी कसं कडकडीत तापतं! आता हीच करवंटी खडीऐवजी काँक्रीटमध्ये घातली तर?

प्रोजेक्टसाठी कल्पना झकास आहे. अंबाबाई आणि जोतिबाच्या मुलखात करवंट्यांना काय तोटा! शिवाय काँक्रीट हलके होते. साध्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो. सगळी खडी काढून करवंटी घातली तर ते २००० च्या आत आणता येते. २८ दिवसांची क्यूब टेस्ट पास झाली की आपण खूश. पण आग लागली तर?

तापमान वाढते तसे काय घडते ते पाहू.

१०० अंशांच्या आसपास मोकळ्या पाण्याची वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही तर कपचे उडतात.

२०० ते ४०० अंशांत करवंटीतले हेमिसेल्युलोज व सेल्युलोज फुटतात. ज्वलनशील वायू निघतो, उरलेला कोळसा आकसतो. म्हणजे खडीच्या जागी पोकळी! आपला काळा दगड, म्हणजे बसाल्ट, इथे ढिम्म हलत नाही.

४५० च्या सुमारास सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा चुना होतो. आग विझल्यावर तो ओलावा शोषून फुगतो आणि नंतर चिरा पडतात.

आगीच्या प्रमाणित चाचणीत भट्टीचे तापमान ५ मिनिटांत ५७६ आणि अर्ध्या तासात ८४२ अंशांवर जाते. काँक्रीट आतून सावकाश तापते हे खरे, पण पृष्ठभागाजवळची करवंटी लवकर जाते आणि सळईचे कव्हर कमकुवत होते. साधारण ५५० अंशांना सळईची निम्मी ताकद गेलेली असते.

मग शेतीचा कचरा वापरायचाच नाही का? वापरायचा, पण जागा बघून. बगॅसची राख बघा. ती एकदा भट्टीतून जळून आलेली असते. नीट जळालेली, बारीक दळलेली राख सिमेंटचा काही भाग म्हणून घातली, तर तिच्यातली सिलिका कॅल्शियम हायड्रॉक्साइडलाच खाऊन टाकते. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली काळी राख मात्र तशीच उचलू नका. तिच्यात न जळालेला कार्बन असतो.

करवंटी बागेतल्या पायवाटेच्या ब्लॉकला चालेल. मेसच्या स्वयंपाकघरावरच्या स्लॅबला नको. त्या स्लॅबवर आपल्यापैकीच कोणीतरी झोपलेलं असतं.

आणि हो, क्यूब भट्टीत घालण्याआधी ओव्हनमध्ये वाळवा, नाहीतर तो आतच फुटेल. थंड झाल्यावर ताकद मोजाच, पण फोडून आतली करवंटीही बघा. व्हायवात तोच प्रश्न येणार!