स्पीकरच्या पायाखाली काय ठेवावे?

धान घरात आले की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. झाडीपट्टी रंगभूमी ती हीच. वडसा-देसाईगंज हे तिचे मुख्य ठाणे. तेथून नाटक कंपन्या गावोगाव जातात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगते. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हजारो माणसे थंडीत चादरी पांघरून बसलेली असतात. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला नायकाचे बोलणे ऐकू जाते ते केवळ स्पीकरच्या जिवावर. अशा वेळी स्पीकर घुमू लागला, किंवा पात्राच्या प्रत्येक पावलाबरोबर 'धब्‌ धब्‌' आवाज येऊ लागला, तर संवाद वाया जातो.

रंगमंच फळ्यांचा असेल आणि स्पीकरची पेटी त्याच फळ्यांवर ठेवली असेल, तर या त्रासाचा काही भाग पेटीच्या पायांतून येतो. कसा, ते पाहू.

स्पीकरचा कागदी शंकू पुढे जातो तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पेटी मागे ढकलली जाते. समजा, शंकूचे वस्तुमान ५० ग्रॅम आणि पेटीचे २० किलोग्रॅम आहे. पेटी ४०० पट जड, म्हणून तिची हालचाल ४०० पट कमी. शंकू ४ मि.मी. हलला तर पेटी मोकळी असताना ०.०१ मि.मी. हलेल. एवढ्याने काय होणार, असे तुम्ही म्हणाल. पण पेटीखाली लांबरुंद फळी आहे. फळी हवेचा मोठा पृष्ठभाग हलवते आणि स्वतःच आवाज करू लागते. सतारीच्या तारेला भोपळा करतो तेच काम ती येथे करते. त्याच फळीवर मायक्रोफोनचा स्टँड उभा असेल तर कंपने त्यात शिरतात, ॲम्प्लिफायरमधून मोठी होऊन पुन्हा स्पीकरमध्ये येतात आणि चक्र सुरू होते.

घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. एक रिकामा पत्र्याचा डबा पालथा घाला. त्यावर मोबाइल ठेवून त्याची थरथर चालू करा. डबा मोठ्याने गुरगुरेल. आता मोबाइलखाली चार कोपऱ्यांना खोडरबराचे तुकडे ठेवा. आवाज थोडासाच कमी होईल. मग खोडरबर काढून मऊ स्पंजचे चार लहान तुकडे ठेवा. गुरगुर जवळजवळ थांबेल. खोडरबरही रबरच, मग तो का हरला? कारण मोबाइलच्या वजनाने तो दबलाच नाही.

येथेच सगळी किल्ली आहे. लवचीक पायावर ठेवलेली वस्तू म्हणजे स्प्रिंगवरचे वजन. ते एकदा दाबून सोडले की ठरावीक वारंवारतेने वरखाली होते. ही त्याची नैसर्गिक वारंवारता. ती काढण्यासाठी स्प्रिंगची ताठरता मोजत बसण्याची गरज नाही. वस्तू ठेवल्यावर पाय किती दबला, एवढे मोजले की पुरते. गणित सोडवले असता सोपे सूत्र मिळते:

नैसर्गिक वारंवारता (हर्ट्झ) = ५ ÷ √दब (सें.मी.)

दब १ मि.मी., म्हणजे ०.१ सें.मी. असेल तर वारंवारता सुमारे १६ हर्ट्झ, अडीच मि.मी. असेल तर १० हर्ट्झ. पूर्ण १ सें.मी. असेल तर ५ हर्ट्झ. (रबर जलद कंपनांना थोडे अधिक ताठर असते, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा जास्त येतो.)

आता पेटीतून ५० हर्ट्झचा ढोलकीचा ठोका निघाला आणि पायांची नैसर्गिक वारंवारता १० हर्ट्झ असली, तर गुणोत्तर ५. त्याच्या वर्गातून १ वजा करा: २४. फळीपर्यंत पोचणारे बल सुमारे चोविसाव्या भागाइतके राहते. पण ठोका १० हर्ट्झचाच असता तर? तेव्हा अनुस्पंदन होऊन पेटी उलट जास्त हलली असती. कंपनाची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या १.४ पटीहून जास्त असेल तरच पाय उपयोगी पडतात. तिच्या खाली ते नुकसानच करतात. पाय कंपने 'शोषून घेतात' असे सर्रास म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. मुख्य काम लवचीकपणाचे आहे. शोषण्याच्या गुणाला अवमंदन म्हणतात. स्टीलच्या स्प्रिंगमध्ये तो फार कमी, म्हणून धक्का लागला की पेटी बराच वेळ डुलत राहते. रबरात तो बरा असतो.

मग जितके मऊ तितके चांगले काय? नाही. लावणीच्या नाचात पावले सेकंदाला दोनदा पडली तर रंगमंच २, ४, ६ हर्ट्झने हलतो. ५ हर्ट्झच्या पायांवरची उंच पेटी त्या तालावर झुलू लागेल, कदाचित पडेलही. म्हणून नाटकाच्या पेटीला १० ते १५ हर्ट्झचे पाय ठीक, असे मला वाटते.

पेटी २४ किलोची असेल तर एका पायावर ६ किलो. निवडलेल्या रबराच्या तुकड्यावर ६ किलोचे वजन ठेवा आणि पट्टीने दब मोजा. तो एक ते अडीच मि.मी. हवा. जाडीच्या दहाव्या हिश्शाहून फार जास्त दब नको, म्हणजे अडीच मि.मी. साठी तुकडा दोन-अडीच सें.मी. जाड पाहिजे. स्पीकरचे जड लोहचुंबक पेटीच्या पुढच्या बाजूस असते, तेव्हा पुढचे पाय अधिक दबतात. तेथे थोडे मोठे तुकडे लावावेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रबराचे आकारमान दाबाने जवळजवळ बदलत नाही. ते दबते तेव्हा बाजूला फुगते. पेटीखाली रबराची एकच रुंद, पातळ चादर अंथरली तर फुगायला जागाच नसते आणि ती दगडासारखी ताठर होते. त्याच चादरीचे लहान तुकडे कापून ते थरावर थर रचले तर ते चांगले दबतात. ट्रकच्या टायरचे तुकडे मात्र घेऊ नका. त्यांत धाग्यांचे थर असतात. बाजारात पोलादी टोकदार पायही मिळतात. ते कंपने अडवत नाहीत. उलट पेटी जमिनीशी घट्ट जोडतात. पक्क्या फरशीवर पेटी डगमगू नये म्हणून ते ठीक, फळ्यांवर नाही. किमतीवरून तर पाय कधीच निवडू नयेत.

अर्थात, सर्वांत उत्तम उपाय फुकटचा आहे: पेटी रंगमंचावरून खाली उतरवून मातीवर, वेगळ्या तिवईवर ठेवणे. ते जमत नसेल तर निदान फळीच्या मधोमध न ठेवता खालच्या खांबाच्या डोक्यावर ठेवावी.

मायक्रोफोनलाही हेच शास्त्र लागू आहे. तो रबरबँडांनी टांगला आणि ते ४ सें.मी. ताणले गेले, तर नैसर्गिक वारंवारता अडीच हर्ट्झ. पावलाच्या धक्क्यातील २० हर्ट्झचा भाग त्रेसष्टाव्या हिश्शावर येतो. वायर मात्र सैल वळण देऊन सोडावी. ताणलेली वायर म्हणजे कंपनांना दुसरा रस्ता.

घुमणे फळीतून येते की हवेतून, हे कसे ओळखावे? मायक्रोफोनचा स्टँड हाताने दोन बोटे वर उचला. घुमणे थांबले तर दोष फळीचा. तसेच राहिले तर आवाज हवेतून येतो आहे. तेथे पाय बदलून काही होणार नाही, पेटीची दिशा आणि अंतर बदलावे लागेल.

चंद्रपूरच्या मुलांना हे गणित घराच्या भिंतीतही भेटते. दुर्गापूर, पद्मापूरसारख्या उघड्या कोळसा खाणींत सुरुंग उडतात तेव्हा जमीन हलते. एक-दोन मजली घरांची नैसर्गिक वारंवारता साधारणपणे ४ ते १२ हर्ट्झच्या टापूत असते. म्हणूनच खाण सुरक्षा महानिदेशालयाने १९९७ साली खाणीबाहेरच्या साध्या घरांसाठी जमिनीच्या कंपनवेगाची मर्यादा वारंवारतेप्रमाणे ठरवली: ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मि.मी., ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० मि.मी. आणि २५ च्या वर १५ मि.मी. संथ कंपनांना मर्यादा सर्वांत कडक का, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

सोडवून पाहा: १६ किलोच्या पेटीखाली चार सारखे पाय आहेत आणि प्रत्येक १.६ मि.मी. दबला आहे. नैसर्गिक वारंवारता किती? ५० हर्ट्झच्या बलाचा कितवा भाग फळीत उतरेल? (उत्तर: १२.५ हर्ट्झ, सुमारे पंधरावा भाग.)