रजा की खाडा?

सरकारी नोकरीतील स्त्रीला बाळंतपणासाठी 180 दिवसांची पगारी रजा मिळते. हे आता इतके अंगवळणी पडले आहे की, त्यासाठी कुणाला तरी भांडावे लागले, हे आपण विसरतो. 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे, म्हणून भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण तिच्या श्रमाचा फायदा घेणारा मालकही सुटता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. 1929 साली कायदा झाला. पुढे 1961 चा केंद्रीय कायदा आला आणि 2017 साली 12 आठवड्यांचे 26 झाले.

‘सरकारी नोकरांना रजा काय कमी आहेत?’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. केंद्र सरकारी नोकरीत बापाला मिळतात 15 दिवस. अहो, आपली जुनी माणसेसुद्धा बाळंतिणीला सव्वा महिना सांभाळतात! आणि बदलीच्या गावी ना सासू, ना आई. आपल्या राज्याने 2018 साली स्त्रियांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ते चांगलेच झाले; पुरुषाला मात्र ती पत्नी वारलेली किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. म्हणजे बायको धडधाकट असली की मूल तिने एकटीनेच वाढवायचे!

परंतु परळीत राहून एवढ्यावर थांबता येत नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातून कोयते निघतात. फडात रजा हा शब्दच नाही. तिथे असतो खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडते, वर दंड उचलीत चढतो. 2019 साली बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दुखण्याने खाडा पडू नये, हेही त्यामागचे एक कारण होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आई बाराव्या दिवशी मोळ्या बांधायला गेली होती.

पैसा कुठून आणायचा, असे विचारतील. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यावेत व सरकारने तेवढीच भर घालावी, असे ठरलेले आहे. बाळंतिणीची मजुरी प्रथम त्यातून द्यावी.